खालच्या ओळी मी बदलल्या

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आबा आजारी पडले तेव्हा त्यांच्या उशाशी आठ दिवस बसून होतो, दोघांनाही दुसरं काही काम नव्हतं, बोलायला वेळच वेळ होता — तेव्हाही नाही. आज तुमच्याजवळ बोलायचं ठरवलंय, पण ते तरी सरळ बोलता येईल का? बघा, सुरुवातीलाच आबांना मधे आणलं. त्यांचा यात काही संबंध नाही.

संबंध आहे तो एका सिनेमाचा. जपानी कार्टूनचा सिनेमा. हसलात तरी चालेल, आमच्या चाळीतले लोकही हसायचे. बाप्ये माणसं असून कार्टून बघतात म्हणायचे. आणि संबंध आहे इरफानचा. आणि माझा.

मी केंदूरचा. आमच्या घरी आज्यापर्यंत मेंढरं होती. आबांनी ती मोडून शेती धरली आणि मला शिकवलं. बारावीला इंग्रजीत बरे मार्क पडले, तेवढ्यावर घरात मी साहेब होणार असं बोललं जायचं. झालो काय, तर आयटीआय करून शिक्रापूरला प्रेस शॉपमध्ये कामगार. दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. हायवेच्या कडेला एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या. आमच्या कारखान्यात पत्रा ठोकून गाड्यांचे लहान-लहान भाग बनवायचे. कारखान्याचं नाव सांगत नाही. नाव सांगून दोष त्याच्यावर ढकलल्यासारखं होईल.

रोज केंदूरहून येणं-जाणं जमेना, म्हणून हायवेच्या मागं एका चाळीत खोली घेतली. तिथं जोडीदार मिळाला तो इरफान. दौंडचा. त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं, पण याला त्या कापसात रस नव्हता. याला तारा आवडायच्या. बंद पडलेला टेप, जळालेला रेडिओ, काहीही आणून द्या, तो उघडून बसायचा. त्याची बोटं लांब आणि बारीक होती. तारांना कथलाचा डाग मारताना श्वास रोखून धरायचा आणि काम झालं की हळूच सोडायचा. मला ते बघायला आवडायचं. पुण्याहून जुने सुटे भाग आणून त्यानं एक कॉम्प्युटर जुळवला, आणि यवतच्या एका सीडीवाल्याकडून एका जपानी कार्टून मालिकेच्या सीड्या आणल्या. यवत त्याच्या गावाकडच्या रस्त्यावर, दुकानदार ओळखीचा. काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चित्र चांगलं दिसलं म्हणून आणली.

मालिका पुढच्या काळातली होती. एक भलंमोठं शहर, इतकं उंच की खालच्या गल्ल्यांमध्ये ऊन म्हणून पोचत नाही. माणसांच्या अंगात यंत्रं बसवलेली. आणि पोलिसांचे डोळे काचेचे. त्या डोळ्यांनी जे पाहिलं ते आपोआप साठवलं जायचं, आणि कोर्टात साक्षीदाराला कुणी काही विचारायचंच नाही — डोळा काढायचा, यंत्राला लावायचा, जे दिसेल ते खरं. एक म्हातारा इन्स्पेक्टर होता. त्याच्या डोळ्यांची देखभाल करणारी एक बाई होती, त्याची सहकारी, खूप वर्षांची. जपानी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही त्यांना म्हातारा आणि मॅडम म्हणायचो.

बोलणं सगळं जपानी. खाली इंग्रजीत ओळी यायच्या. इरफानला इंग्रजी अक्षरं लागायची, पण ओळ वाचून होईपर्यंत दुसरी यायची. मग मी वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो. पहिले दोन-तीन भाग अडखळलो, नंतर सराव झाला. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असायची, आणि लाईट असेल तेवढी दुपार आम्ही त्यात घालवायचो. तो पडद्याकडं बघायचा आणि मी ओळींकडं. त्याला जे कळायचं ते माझ्या तोंडून कळायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शिक्षणावर असं टेकून बसलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची गोडी लागली होती.

मालिकेच्या शेवटी काय झालं ते सांगायला हवं. एका निःशस्त्र माणसाला गोळी लागून तो मरतो. म्हाताऱ्याचा डोळा काढून बघतात, तर त्यात दिसतं की गोळी म्हाताऱ्यानंच घातली. त्याला मात्र तसं आठवत नाही. पण डोळा खोटं बोलत नाही ना? त्याला नोकरीवरून काढतात, आणि तो पावसात एका पुलाखाली जाऊन बसतो. तिथंच मालिका संपली.

इरफान दोन दिवस धड जेवला नाही. "म्हातारा तसं करनार न्हाई," म्हणायचा. "डोळ्यात कुनीतरी घोळ केलाय. पुढं असनार हाय काहीतरी." मी म्हणायचो, डोळ्यात दिसलं ना, मग झालं. त्यावरून आम्ही खरोखर भांडायचो, जणू शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल बोलतोय. मग यवतच्या सीडीवाल्यानं सांगितलं की मालिकेच्या पुढची गोष्ट सिनेमात आहे, अख्खा सिनेमा निघालाय, पुण्यात आला की मागवतो. इरफान दर आठवड्याला त्याला विचारायचा. चार महिने वाट पाहिली.

आता पुढं जायला हवं. आत्तापर्यंतचं सांगताना बरं वाटत होतं.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय मशीन चालतच नाही. आणि आम्ही ही सोय मोडायचो. एका बटणात काहीतरी खुपसून ते दाबलेलंच ठेवायचं, मग एक हात बटणावर आणि एक हात मालावर — काम भराभर उरकतं. शेडमध्ये बरेच जण करायचे. हे मी स्वतःला सोडवून घेण्यासाठी सांगत नाही, कारण इरफान करायचा नाही. एकदाही नाही. त्याला यंत्र कळत होतं, म्हणून तो यंत्राला भ्यायचा.

त्या दिवशी आमची सकाळची पाळी होती. आदल्या दिवशी सीडीवाल्यानं निरोप दिला होता की उद्या दुपारी फोन करा, सिनेमा आला का सांगतो. मला जेवणाच्या सुट्टीआधी माझा माल संपवून गेटबाहेरच्या बूथवर जायचं होतं. इरफानच्या आधी मला बातमी कळायला हवी होती, मी येऊन त्याला सांगायला हवी होती — इतकी साधी हौस. खिशात मालिकेतल्या एका सीडीचं पुठ्ठ्याचं पाकीट होतं. त्याचा एक तुकडा फाडला, घडी घातली, उजव्या बटणात खुपसला. बटणाला वरून पत्र्याची झापड असते, त्यामुळं आत काही आहे हे वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

माल संपत आला, थोडा राहिला. इरफानचं मशीन त्या वेळी नवा साचा बसवायला बंद ठेवलं होतं. मी त्याला म्हणालो, "एवढं माझ्या मशीनवर बस, मी फोन करून आलो." तो हसला. "आला आसंल तर पळत ये," म्हणाला.

पुठ्ठ्याचं सांगायचं विसरलो का? हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. विसरलो नव्हतो. उठताना मला आठवलं होतं. पण काढायचा म्हणजे झापडीत बोट घालून ओढत बसायचं, आणि सांगितलं तर तो मशीनवर बसायच्या आधी मला चार शब्द सुनावणार. मला घाई होती. मनात म्हणालो, पाच मिनिटांत काय होतंय.

सिनेमा आला होता. सीडीवाला म्हणाला, या घेऊन जा. मी खरंच पळत आलो. शेडच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून आवाज येत नव्हता. प्रेस शॉपमध्ये भर पाळीत शांतता म्हणजे काय, हे तिथं काम केलेल्याला सांगावं लागत नाही.

एक तुकडा साच्यात अडकला होता. तो काढायला त्यानं उजवा हात आत घातला. डावा हात नेहमीच्या सवयीनं डाव्या बटणावर टेकलेला होता. एका बटणानं काही होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

मी त्याला टेम्पोत घातलं, पुण्याच्या दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लोक नंतर म्हणाले, दत्तानं भावासारखं केलं.

तीन दिवसांनी चौकशी झाली. ऑफिसमध्ये दोन साहेब बसले होते. टेबलावर कागदात गुंडाळलेला तो पुठ्ठा होता, तेलानं काळा झालेला. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं दिसत होतं — 'भाग १७, १८'. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हणालो, इरफानचं. खरंच त्याचं होतं, सगळ्या पाकिटांवर तोच लिहायचा. हे पाकीट कुणाचं? इरफानचं. तेही खरंच. तू मशीन सोडलंस तेव्हा बटणात काही होतं का?

"नाही साहेब."

एवढंच. पहिली दोन उत्तरं खरी होती, त्यामुळं तिसरंही खऱ्यासारखं आपोआप निघालं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. बाहेर आलो आणि सरळ कॅन्टीनला जाऊन चहा प्यायलो. बिस्किटंही खाल्ली. हे लक्षात राहिलंय.

नोकरी जाईल ही भीती होती, पोलीस येतील ही भीती होती, आबांना काय सांगू ही भीती होती. सगळं होतं. पण त्यातली एकही भीती चार बोटांएवढी मोठी होती का?

पुढचं याहून वाईट आहे. तुम्हाला वाटलं असेल, संपलं. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं.

आठवड्यानं मी दवाखान्यात गेलो. हाताला भलंमोठं बँडेज, चेहरा औषधांनी सुजलेला. त्याची आई — मी तिला चाची म्हणायचो — पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "दत्ता, मला तेवढंच आठवंना बघ. साहेब येऊन गेले. म्हनले, पुठ्ठा तुझाच हाय, वर तुझं अक्षर हाय. मी घातला व्हता का रं बटनात?"

तो माझ्याकडं तसाच बघत होता जसा गुरुवारी दुपारी बघायचा. खालच्या ओळी त्याला वाचता येत नव्हत्या. मी सांगणार तेच त्याला कळणार होतं.

मी म्हणालो, "घाई व्हती ना तुला. पिक्चर आला का ते कळायचं व्हतं."

माझी घाई मी त्याच्या अंगावर घातली. तो छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय. आसंल."

साहेबांसमोर बोललो ते कागदावर राहिलं. हे त्याच्या डोक्यात जाऊन बसलं.

चूक कामगाराचीच ठरली. कुठल्यातरी कागदावर त्याच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला, आणि तो दौंडला परत गेला. मी पुढच्या वर्षी परमनंट झालो.

मधल्या काळात सिनेमा यवतलाच पडून होता. मी इरफानला म्हणालो होतो, सीडी पाठवून देतो, बघ. तर म्हणाला, "तू वाचून दाखवल्याबिगर कसा बघू? हात बरा हुंदे, मग दोघं बघू." सहा महिन्यांनी एका गुरुवारी मी यवतला उतरून सीडी घेतली आणि दौंडला त्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ. चाचीनं जेवायला वाढलं. तो डाव्या हातानं चमच्यानं जेवत होता, आणि चाची मुद्दाम दुसरीकडं बघत होती. जेवण झाल्यावर माडीवर गेलो. कॉम्प्युटर त्यानं तिथं नेला होता. सीडी मी घातली.

सिनेमा चांगला होता. खरं सांगतो, मालिकेपेक्षा चांगला. म्हातारा पुलाखाली राहतोय, त्याचे काचेचे डोळे काढून घेतलेत, तो आंधळा होऊन हातानं चाचपडत शहरभर फिरतोय. लोक त्याला खुनी म्हणतात आणि तोही आता स्वतःला तसंच समजायला लागलाय. मी वाचत होतो, सांगत होतो. सगळं खरं सांगत होतो. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर मला कळायला लागलं की हे कुठं चाललंय. लाईट जावी असं वाटत होतं. एरवी रोज जायची. त्या दिवशी गेली नाही.

शेवटी म्हातारा चाचपडत मॅडमच्या खोलीत येतो. ती खुर्चीत बसलेली. ती बोलायला लागते आणि खाली ओळी येतात. त्यांचा अर्थ असा होता: गोळी माझ्या पिस्तुलातून सुटली. तुमच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी भरलं. मला भीती वाटली.

मी म्हणालो, "ती म्हणती, मी सगळं तपासलं. डोळ्यात कसला घोळ न्हाई. गोळी तुमचीच व्हती."

इरफान पडद्याकडंच बघत होता. "मग ती रडती का?"

"वाईट वाटतंय तिला. म्हाताऱ्याचं."

मग म्हातारा बोलला. एकच वाक्य. मला माहीत होतं, तू कधी सांगतेस म्हणून थांबलो होतो — असं ते वाक्य होतं. पडद्यावर ते बराच वेळ राहिलं. इरफाननं कोपरानं मला ढोसलं. "काय म्हनला?"

"म्हणतो, मान्य हाय."

म्हातारा उठून भिंतीला हात लावत लावत निघून गेला. नावं वर सरकायला लागली. इरफाननं कॉम्प्युटर बंद केला नाही. नावं संपल्यावर म्हणाला, "म्हंजी त्यानंच केलं व्हतं." आणि मग, "आन् मी उगं तुझ्याशी भांडत व्हतो त्याच्यासाठी. मानूस करून बसतो आन् त्यालाच आठवत न्हाई. असं आसतं."

असं म्हणताना तो आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. एवढं बोलून तो बराच शांत झाल्यासारखा वाटला. मला वाटतं, त्या दुपारपर्यंत त्याच्या मनात कुठंतरी एक शंका शिल्लक होती. एका माणसाचं मन सांगत होतं की मी हे केलं नाही. ते मन मी त्या माडीवर बसून मारलं. गोष्ट सांगून मारलं.

नंतर काही वर्षं मी दौंडला फारसा गेलो नाही. कधी ईदला, कधी लग्नकार्याला. त्यानं डाव्या हातानं डाग मारायला शिकून घेतलं. उजव्या अंगठ्यानं आणि तळव्यानं वस्तू दाबून धरायचा आणि डाव्यानं काम करायचा. मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकली. काम हळू व्हायचं, पण गिऱ्हाईक टिकलं. लग्न ठरत होतं, दोनदा मोडलं. कारण कुणी उघड बोललं नाही. मी सुपरवायझर झालो, माझं लग्न झालं, तो दोन दिवस आधी येऊन मांडवाची लाईट लावून गेला.

मग कारखान्यात नवे साहेब आले. सुरक्षा सप्ताह जोरात करायचा म्हणाले. नुसती भाषणं नकोत, ज्याच्याबाबतीत घडलंय त्यालाच बोलवा. जुन्या फायलीतून इरफानचं नाव त्यांनीच काढलं, आणि तुझा दोस्त ना, म्हणून आणायचं काम माझ्यावर आलं. मी फोन केला. वाटलं होतं, नाही म्हणेल. तो म्हणाला, "येतो की. पोरांचं भलं हुईल."

इस्त्रीचा शर्ट घालून तो एसटीनं आला. शेडमध्ये सगळ्या पाळ्यांचे कामगार बसले होते, निम्मे परराज्यातले, म्हणून तो मराठी आणि हिंदी मिसळून बोलला. हात वर करून दाखवला. म्हणाला, "बटनात पुठ्ठा मी घातला व्हता. माझ्या हातानं. घाई केली. तुमी करू नका." टाळ्या झाल्या. साहेबांनी शाल दिली, श्रीफळ दिलं. हार घालायला मला पुढं बोलावलं.

तीन वर्षं तो येत होता. तीन वर्षं माझा गुन्हा तो माइकवरून कबूल करत होता, आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. कसं ऐकलंत, असं तुम्ही विचाराल. सवय होते. दुसऱ्या वर्षी तर मी मधेच घड्याळ बघितलं होतं.

चौथ्या वर्षी कार्यक्रमाआधी आम्ही कॅन्टीनला बसलो होतो. त्याची पुतणी इंग्रजी शाळेत जायची, आठवीला होती. तो चहा ढवळत म्हणाला, "परवा पोरीनं तो आपला पिक्चर लावला. सीडी अजून चालती. तिनं वाचून दाखवला."

मी माझा कप उचलला.

"ती मॅडम वेगळंच म्हनत व्हती म्हनं. आन् म्हातारा बी."

"बारा-पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय," मी म्हणालो. "आन् मी बी तवा घाईत वाचलं आसंल."

"व्हय," तो म्हणाला. "घाईत." आणि चहा संपवला.

नंतर तो माइकपुढं उभा राहिला. तेच सगळं बोलला, त्याच क्रमानं. हात वर केला. फक्त एका जागी म्हणाला, "बटनात पुठ्ठा घातलेला व्हता." मी घातला, असं म्हणाला नाही. आणि थांबला. शेडमध्ये कुणाच्या हे लक्षात येण्याचं कारण नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. एखादी वस्तू उघडून ठेवल्यावर तिच्यात काय बिघडलंय हे शोधताना तो बघायचा, तसा.

मी उठायला हवं होतं. तिथं, त्या क्षणी, दोन शब्द पुरले असते. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्याला खाली बसावं लागलं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. पुढच्या वर्षी साहेबांच्या सांगण्यावरून मी केला, तर म्हणाला, "आता न्हाई येत. तूच सांग त्यांना. तुला समदं माहीत हाय." फोन ठेवून दिला. पुन्हा लावला नाही, त्यानंही आणि मीही.

साहेब म्हणाले, मग तूच बोल, तू तर डोळ्यांनी पाहिलेलं आहेस. मी माइकपुढं उभा राहिलो. समोर दोनशेवर माणसं, नव्या भरतीची पोरं खाली सतरंजीवर. इरफान तिथं नव्हता. त्याच्यासमोर बोलायची लाज नव्हती, पोलिसांची भीती उरली नव्हती, आबा गेले होते. मला अडवणारं काहीच नव्हतं. हे नीट लक्षात घ्या, कारण मी आजवर स्वतःला सांगत आलो की त्या वेळी मी लहान होतो, घाबरलो होतो. या वेळी मी लहान नव्हतो.

मी म्हणालो, "माझा एक मित्र होता इरफान नावाचा. त्यानं घाई केली. बटणात पुठ्ठा घातला."

सगळं सांगितलं, हात कसा आत गेला ते, टेम्पोत डोकं मांडीवर घेतलं ते. माझा आवाज भरून आला, आणि पोरं अगदी गप्प होऊन ऐकत होती. साहेब नंतर म्हणाले, आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण झालं. दर वर्षी मीच करावं असं ठरलं. त्यानंतर दोन वर्षं मीच केलं.

पुठ्ठा मी घातला होता.